श्यामलची कांती

चैत्रातली सकाळ आमच्या मांडवीत घाईने येत नाही. आधी ती घाटाच्या बाजूला कोठेतरी उगवते, मग हातखंब्याच्या कातळसड्यावरून रेंगाळत उतरते, आणि वाटेतल्या गावांना देऊन उरलेला उजेड घेऊन अखेरीस समुद्राकाठी पोहोचते. हा उरलेला उजेड प्रथम माडांच्या शेंड्यांवर थांबतो. तेथे त्याला काही काम नसते. माझ्यासारखाच तो उगाच बसून राहतो. मग एकेका झावळीवरून घसरत तो यमुनाबाईंच्या कौलांवर येतो, कौलांवरून अंगणाच्या दगडी गडग्यावर उतरतो, आणि गडग्याच्या तांबड्या चिऱ्यांना जितकी भोके असतील तितक्या भोकांत थोडा थोडा साचतो. वाळत टाकलेल्या जाळ्यातून तो झिरपला, की ताज्या सारवणावर सोनेरी चौकटी पडतात, आणि वारा आला की त्या चौकटी श्वास घेतल्यासारख्या हलतात. त्या घटकेला मला नेहमी वाटे, की आता जगात कोणी मोठ्याने बोलू नये. नेमका त्याच घटकेला दादू खाकरत असे.

सर्वांत शेवटी तो उजेड पायरीशी निजलेल्या श्यामलच्या पाठीवर येई. उजेडाच्या अंगी सर्व गुण आहेत, शरम तेवढी नाही! श्यामलच्या अंगावर केस कोठे आहेत आणि कोठे नाहीत, हे तो साऱ्या आळीला वाचून दाखवी. पैकी 'कोठे आहेत' ही यादी त्या चैत्रात फारच आखूड झाली होती.

श्यामल हा कुत्रा. नाव मी ठेवलेले. पूर्वी तो खरोखरच मेघासारखा काळा होता. आळी मात्र त्याला 'बोडक्या' म्हणे. आळीला काव्याचे अंग नाही.

ही गोष्ट एकतीस सालची. मी कचेरीत नकलनवीस होतो. दुसऱ्यांनी लिहिलेले सुंदर अक्षरांत पुन्हा लिहिणे हा माझा धंदा, आणि कोणीही न वाचणाऱ्या कविता लिहिणे हा माझा छंद. बोलणे या कलेत मात्र मी अगदीच कच्चा. यमुनाबाईंच्या पडवीतल्या खोलीत मी राहात असे आणि त्यांच्याच घरी जेवत असे. त्यांचे यजमान आगबोटीवर सारंग, वर्षातून दोनदा घरी येत. धाकटा दीर दादू होडी चालवी, जाळी विणी आणि उरलेल्या वेळात माझी थट्टा करी. दादूपाशी उरलेला वेळ पुष्कळ असे.

यमुनाबाईंच्या हाताला चव होती आणि तिच्यामागून येणारा जाळही होता. माझे पोट नाजूक. त्यांची तळलेली सुरमई एक तुकडा खाल्ली तर मला विरह जाणवे, दोन खाल्ले तर वैराग्य येई. आणि यमुनाबाई वाढत चार! 'पुरे' हा दोन अक्षरांचा शब्द मी कचेरीत शेकडो वेळा सुवाच्य लिहिला असेन. पानावर बसून तो मला एकदाही उच्चारता आला नाही. उलट मी म्हणे, "फारच सुरेख!" मग पाचवा तुकडा येई. त्यांची पाठ फिरली, की मी तीन तुकडे धोतराच्या सोग्यात बांधून घेई आणि संध्याकाळी वही घेऊन मागच्या पायरीवर जाई.

तेथे श्यामल माझी वाट पाहात असे. मी कविता वाची आणि तो डोळ्यांत प्राण आणून ऐके. एखादे कडवे विशेष उतरले, की त्याच्या तोंडाला पाणी सुटे. इतका उत्कट श्रोता नामांकित कवींनाही लाभला नसेल! वाचन संपले, की मी सोगा सोडी. आता याला कोणी 'कुत्र्याला खाऊ घालणे' म्हणेल, तर तो त्याच्या मनाचा कोतेपणा. ते मानधन होते.

शिमगा सरला, चैत्री पौर्णिमाही झाली आणि आळीत दवंडी पिटली गेली. ज्या कुत्र्याच्या गळ्यात पितळी बिल्ला नसेल, त्याला वैशाखी अमावास्येनंतर गोळी घालण्यात येईल. आणि केस झडलेल्या, खरजुल्या कुत्र्याला बिल्ला मिळणार नाही.

"कारकूनसायेब," दादू जाळ्यातून डोके वर न काढता म्हणाला, "बोडक्याचे दिवस भरले बघा!"

माझ्या आयुष्यात मी कोणाला उलट उत्तर दिले नव्हते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून एक संपूर्ण वाक्य बाहेर पडले. "अमावास्येपर्यंत या कुत्र्याच्या पाठीत तोंड पाहून तुम्ही भांग पाडाल, दादू!"

"भांग पाडायला केस लागतात," दादू म्हणाला. "माझे हायत. त्याचे कुठं हायत?"

सहा आठवडे होते. मी हसऱ्या चेहऱ्याने खोलीत गेलो, दार लावले आणि खाटेवर बसून राहिलो. जगात माझे ऐकणारा एकच जीव होता, आणि त्याला गोळी घालण्याची तारीख पंचांगात छापलेली होती.

कातडीचा रोग कातडीवरून जातो, हे सांगायला शहाणा कशाला हवा? मी गंधक कुटला, खोबरेल तेलात खलला आणि श्यामलला शेपटीपासून नाकापर्यंत माखले. काळ्या कुत्र्याचा पिवळा कुत्रा झाला. पिवळ्या कुत्र्याने ते तेल आवडीने चाटून काढले आणि दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्याच्या पोटाने जे काही केले, त्याचे वर्णन माझ्या वृत्तांत बसत नाही. तशा अवस्थेत तो धावत सुटला, तो शेजारच्या आनंदीबाईंनी अंगणात वाळत घातलेल्या आमसुलांवरून!

"अगो बाय! माझी सोलं!" आनंदीबाई केरसुणी घेऊन धावल्या. "कुत्रा हाय की हळदीतला नवरा?"

मी गडग्याआड बसून होतो. क्षमा मागण्याचे वाक्य मी मनात तीनदा रचले. चौथ्यांदा रचेपर्यंत त्या घरात गेल्या होत्या.

गंधक हरला, म्हणून उंडीचे तेल आणले. त्याच्या दर्पाने आळीतली मांजरे राजिवड्याला राहायला गेली. उंडीचे तेल हरले, म्हणून समुद्रस्नान. श्यामलने ते मुकाट्याने सोसले आणि अंग वाळवण्यासाठी वाळूत पसरलेल्या सुकटीवर यथेच्छ लोळून घेतले. त्या सुकटीच्या मालकिणीने, सगुणेने, मला भर किनाऱ्यावर जे सुनावले, त्यातले निम्मे शब्द मी प्रथमच ऐकत होतो. मी त्यांची मनात नोंद घेतली. भाषेचा अभ्यास कोठेही होऊ शकतो.

याच सुमारास कचेरीत शिरस्तेदारांचे लक्ष माझ्या हातांकडे गेले. ते पिवळे होते.

"काय हे?" त्यांनी विचारले.

"गंधक, साहेब."

"कशासाठी?"

'कुत्र्यासाठी' एवढे सांगायचे होते. पण सारी कचेरी टाक थांबवून माझ्याकडे पाहू लागली, आणि माझे हात मेजाखाली गेले. मी नुसताच खाली पाहिले. शिरस्तेदारांनी आपली खुर्ची हातभर मागे घेतली. दुपारपर्यंत माझे मेज दाराबाहेरच्या ओट्यावर गेले होते आणि माझ्या नकला चिमट्याने उचलल्या जात होत्या! एकांताची मला लहानपणापासून आवड. पण इतक्या एकमताने तो मला कधी बहाल झाला नव्हता.

दोन आठवडे असे गेले. श्यामलच्या पाठीवर केस उरले होते ते मानेवर मूठभर. शेवटी मी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेले. तेथले कंपाउंडर हरिश्चंद्र हे बैलांत रमलेले गृहस्थ. कुत्र्याकडे ते आपण पाटाखालच्या झुरळाकडे पाहतो तसे पाहात. त्यांनी श्यामलची जीभ ओढून पाहिली, पोट दाबले, श्वासाचा वास घेतला आणि तोंड फिरवले.

"बाहेरून काय फासताय?" ते म्हणाले. "चूल धुमसते आहे आत, आणि तुम्ही कौलांवर पाणी ओतताय! याचं पोट बिघडलंय. खाल्लेलं अंगी लागत नाही, मग कातडी कोरडी, मग खाज, मग केस गेले. बैलाचंसुद्धा तसंच. शेण बघावं आणि पाठीवरची चकाकी सांगावी. याला काय घालता?"

"मी... काही नाही."

"मग आळी घालत असेल. सगळं बंद! तेल नको, तिखट नको, मीठ नको, गोड नको. तांदळाची पेज आणि पातळ ताक. आत निवळलं की बाहेर आपोआप उगवेल."

मी भारावलो. एवढे सोपे होते तर! आळीला आवरायचे, की झाले! फक्त एक अडचण होती. आळीला आवरायचे म्हणजे आळीशी बोलावे लागणार.

म्हणून मी लिहिले. फुलस्केपचे सात कागद घेतले, रुंद समास सोडला आणि ज्या वळणदार अक्षरावर शिरस्तेदारही पूर्वी खूश असत, त्या अक्षरात मजकूर उतरवला:

'सर्व संबंधितांस या नोटिशीने कळविण्यात येते की, श्यामल ऊर्फ बोडक्या, राहणार मांडवी, याच्या पोटाची तपासणी होऊन असे निष्पन्न झाले आहे की, सदर आळीतील इसमांकडून त्यास होणारा अन्नपुरवठा अपायकारक आहे. सबब इतःपर कोणीही इसमाने त्यास गोड, तळलेले, तिखट वा खारट दिल्यास तो परिणामांस जबाबदार धरला जाईल. कसूर होऊ नये.'

पहाटे सात दारांवर खळीने सात कागद डकवले आणि कोणी उठायच्या आत कचेरीच्या वाटेला लागलो. दिवसभर ओट्यावरच्या मेजाशी बसून मी स्वतःवर प्रसन्न होतो. एक अक्षर न बोलता केवढे लोककार्य!

संध्याकाळी परतलो, तो आळी ओस. दारांना कड्या. कोंबडेसुद्धा दिसेना. दादूची होडी नेहमीच्या जागी नव्हती. आनंदीबाईंची शेळी नव्हती. वाटले, पटकी आली की काय!

"कोण आहे?" मी हाक मारली, म्हणजे पुटपुटलो.

आनंदीबाईंचे दार बोटभर उघडले. "भाऊ, तुमीच का? एकटेच हाव ना? बेलिफ नाय ना आला?"

"बेलिफ? कशाला?"

"कशाला म्हंजे? जप्ती आलीय ना सगळ्या आळीवर!"

वाचकहो, माझी चूक ध्यानात आली ना? त्या आळीत अक्षर ओळखणारे दोघे-तिघेच. पण माझे अक्षर सगळ्यांनी पाहिले होते! जप्तीच्या, निलामाच्या, घर खाली करण्याच्या हुकुमांच्या नकला मीच करी, आणि पिढीजात भीतीने लोकांनी त्या वळणाची ओळख ठेवली होती. कोणाला पत्र लिहून देण्याइतका मी कधी कोणाजवळ गेलोच नव्हतो. माझे अक्षर दारावर आले म्हणजे बेलिफ मागोमाग यायचाच! दादूला तेवढे वाचता येई. त्याने 'सर्व संबंधितांस' इथवर वाचले आणि तडक होडी लोटून खाडीत नेली.

हळूहळू दारे उघडली. साऱ्या आळीने मला घेरले. आता बोलण्यावाचून सुटका नव्हती.

"ते... कुत्र्याच्या संबंधात आहे," मी म्हणालो.

"कुत्र्याच्या?"

"कुत्र्याच्या पोटाच्या."

समुद्रही थांबल्यासारखा वाटला.

"माझी तांब्याची घागर इहिरीत हाय!" आनंदीबाई एकेक शब्द तोलून म्हणाल्या. "शेळी लेकीकडे धाडली. सकाळधरनं पोटात अन्न नाय. कुत्र्याच्या पोटापायी?"

त्यानंतर सर्वजण एकदम बोलू लागले, म्हणून मला कोणाचेच नीट ऐकावे लागले नाही. राग ओसरल्यावर मी कंपाउंडरांचे म्हणणे कसेबसे सांगितले, आणि मग एकेकाच्या कबुलीला प्रारंभ झाला.

"मी गुरुवारचा घालते चमचाभर शिरा," आनंदीबाई म्हणाल्या. "दत्ताच्या पायाशी कुत्रीच असतात ना? त्याला काय पेज घालू?"

"मी बशीभर चाय देतो," दादू म्हणाला. "गुळाचा. एवढासा!"

"मी सुकटीचा चुरा," सगुणा म्हणाली. "खारा हाय, पण एवढासाच!"

प्रत्येकाचे 'एवढेसे' मी मनात एकत्र केले. ते कुत्र्याचे खाणे नव्हते, व्याह्यांचा पाहुणचार होता. श्यामलचा जीव जाईल म्हटल्यावर मात्र सगळ्यांनी गळ्याची शपथ घेतली. आनंदीबाईंनी तर दत्ताचीही परवानगी आपणच देऊन टाकली.

"आनि तुमी काय घालताव त्याला?" दादूने डोळे बारीक करून विचारले.

"मी? मी त्याला कविता वाचून दाखवतो."

"मग त्याच बाधल्या असतील!"

आळी हसली. आळी वचनाला जागली. त्या दिवसापासून कोणी त्याला कणही घातला नाही. आणि मी? मी सुरमईचे तीन तुकडे त्याला रोज नियमाने देत राहिलो. इतरांचे अन्न बंद झाल्यामुळे बिचारा भुकेला असे; कधी कधी चारही दिले. मानधन बंद करावे असे कंपाउंडर कोठे म्हणाले होते?

एक आठवडा गेला. मानेवरचे मूठभर केसही गेले. मला आळीचा दाट संशय येऊ लागला. कोणीतरी चोरून घालत होते! मी एक आठवी नोटीस लिहायला घेतली.

तिची वेळ आली नाही. त्या सकाळी कंपाउंडर हरिश्चंद्र दादूकडे मासळी घ्यायला आले होते. त्यांच्यादेखत श्यामल अंगणाच्या मधोमध उभा राहिला, त्याच्या बरगड्या दोनदा हलल्या, आणि त्याने रात्रीचे सारे यमुनाबाईंच्या ताज्या सारवणावर आणून ठेवले.

कंपाउंडरांनी काडी घेतली आणि शांतपणे चिवडून पाहिले. "पेज नाही," ते म्हणाले. "सुरमई आहे. तळलेली. वर तांदळाच्या पिठाचं कवच आहे, आणि तिखट इतकं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

"तांदळाचं पीठ तर मी लावते," यमुनाबाई दारातून म्हणाल्या. "बाकीच्या रवा लावतात. पन मी काय कुत्र्याला घालते? मी फक्त भाऊंच्या पानात..."

त्या थांबल्या. आळी माझ्याकडे वळली. सकाळचा तोच उजेड, जो मला इतका प्रिय, तो आता सारा माझ्या तोंडावर पडला होता. माझा हात नकळत सोग्याकडे गेला. तेथे तेलाचा डाग होता. नऊ महिन्यांचा.

"नऊ महिने!" यमुनाबाईंचा आवाज कापत होता. "घरधन्याला पाठवायची सोडून तुमच्यासाठी सुरमई ठेवली मी. 'फारच सुरेख' म्हनलाव! रोज म्हनलाव!"

"सुरेखच असते," मी म्हणालो. "पण मला... सोसत नाही. माझे पोट जळते."

"मग 'पुरे' म्हनायला काय झालं? तोंड दिलंय ना देवानं?"

त्या माझ्याकडे पाहात होत्या. मग पदर तोंडाला लावला. रडतात असे वाटून माझा जीव गोळा झाला. त्या हसत होत्या.

"म्हंजे तुमच्या पोटात जळायचं, ते ह्या मुक्याच्या पोटात जळलं!" दादू म्हणाला. "कारकूनसायेब, केस तुमचे जायचे होते! मला इचाराल तर गोळी..."

"दादू, गप!" यमुनाबाई म्हणाल्या.

तीन आठवडे उरले होते. त्या दिवसापासून चुलीवर एकच मोठे मडके चढले. त्यातली एक पळी पेज माझ्या पानात येई आणि एक मागच्या दाराशी श्यामलच्या करवंटीत. मीठ दोघांनाही नाही. सोग्याची झडती दादू घेई. आठ दिवसांत माझा विरह कमी झाला, पंधरा दिवसांत वैराग्य गेले. श्यामलचे पोट निवळले. एके सकाळी त्याच्या पाठीवर काळी धूसर लव दिसली, भाताच्या उगवत्या तरव्यासारखी, आणि मी पायरीवर बसून मूर्खासारखा रडलो. पुढे ती लव दाट झाली, तुळतुळीत झाली, आणि उजेड तिच्यावरून घसरू लागला.

अमावास्येला तपासनीस आले. त्यांनी श्यामलच्या पाठीचे केस उलटे फिरवून पाहिले, कान पाहिले, वहीतली दवंडीच्या वेळची नोंद पाहिली. "हा तोच कुत्रा?" साऱ्या आळीने एका स्वरात "तोच, तोच!" केले. दादूने कमरेचा कंगवा काढून खरोखर भांग पाडून दाखवला, अर्थात स्वतःचा.

"मालकाचं नाव?" तपासनीसांनी विचारले.

मी पुढे झालो आणि माझे नाव सांगितले. अडखळलो नाही. बिल्ला श्यामलच्या गळ्यात पडला.

त्या संध्याकाळी मी मागच्या पायरीवर बसलो. तीन आठवडे पोटाच्या धांदलीत वाचन राहून गेले होते. वहीत त्याच्या पुनर्जन्मावर बावीस कडव्यांचे दीर्घ काव्य तयार होते. श्यामल मागच्या दाराशी रिकाम्या करवंटीजवळ पसरला होता. त्याची पाठ काळ्या रेशमासारखी चमकत होती.

"श्यामल!" मी हाक मारली.

तो आला. माझा उजवा हात हुंगला. डावा हुंगला. सोगा हुंगला, पुन्हा एकदा हुंगला. मी पहिले कडवे सुरू केले. दुसऱ्या ओळीला त्याने जांभई दिली, तिसरीला उठला आणि यमुनाबाईंच्या दाराशी जाऊन पाठ करून निजला.

"काय वो," दादू जाळ्यातून म्हणाला, "श्रोता उठला की!"

"त्याला बरे वाटत नसेल," मी म्हणालो.

"त्याला एवढं बरं कधीच नव्हतं!"

दुसऱ्या दिवशी मी वृत्त बदलून पाहिले. तिसऱ्या दिवशी आवाज चढवून पाहिला. चौथ्या दिवशी त्याच्या दाराशी जाऊन बसलो. त्याने डोळा उघडला, माझे रिकामे हात पाहिले आणि डोळा मिटला.

श्यामल माझ्या कविता ऐकायला येत नव्हता. तो माशासाठी येत होता.